भेंडीनं निवळलेली बिअर

रक्त वाहत नव्हतं, उडत होतं. आमचे मालक भिंतीला पाठ लावून खाली बसले होते आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत होते. मी दोन्ही हातांनी ते मनगट आवळलं, तरी बोटांच्या फटीतून गरम रक्त येतच राहिलं. आमच्याजवळच बाटल्यांचं खोकं होतं. त्यातली आणखी एक बाटली फुटली आणि काच वरच्या पत्र्यावर आपटून आमच्या अंगावर पडली.

मी माडीवर सांडगे बघायला गेले होते. पहिला आवाज झाला तेव्हा मला वाटलं, खाली गॅसची टाकी गेली. मग बिअरचा वास आला आणि मालक खाली बसलेले दिसले.

मुलगा जिन्यावरून धावत आला आणि दारातच थांबला. त्याला खोकं दिसत होतं आणि बापही दिसत होता. खोक्याजवळून गेल्याशिवाय बापाला उचलता येत नव्हतं.

"वाकळ टाक त्येच्यावर," मी म्हणाले.

त्यानं बाजेवरची वाकळ ओढून खोक्यावर टाकली. तिच्याखाली अजून एक फुटली, पण या वेळी नुसती वाकळ हलली. मग त्यानं बापाला काखेत धरून उचललं आणि आम्ही जिना उतरलो. मी मनगट सोडलं नाही. सुनेनं अंगणातूनच शेजाऱ्याला हाक मारली आणि त्यानं गाडी काढली.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते.

आमचे मालक गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळतो, त्यात भेंडीचं चिकट पाणी कधी घालायचं, वर आलेली मळी कधी काढायची आणि काहील कधी उतरवायची, म्हणजे एक आधन कधी पुरं झालं, हे गुळव्या ठरवतो. काहिलीजवळ मालक बोलतील तेच चालायचं. मग गुऱ्हाळाच्या धन्यानं ऊस कारखान्याला घालायला सुरुवात केली आणि गुऱ्हाळ बंद पडलं. मालक घरी बसले. सकाळी कट्ट्यावर, दुपारी बाजेवर, संध्याकाळी परत कट्ट्यावर. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. बसून राहिलेला माणूस लवकर जातो, हे मी आमच्या गडमुडशिंगीत बघितलेलं आहे. त्यांच्याबद्दल मला तीच काळजी होती, पण काळजी करून कुणाला भूक लागत नाही.

मुलगा पुण्याला एका हॉटेलात होता. तिथं बिअर तिथल्या तिथं करून विकायचे. ते काम सुटल्यावर तो घरी आला आणि एमआयडीसीत लागला. येताना त्यानं स्टीलचं मोठं पातेलं, नळ्या आणि एक काचेचा काटा आणला होता. हा काटा बिअरमध्ये सोडला की तरंगतो. साखर जास्त असेल तर वर राहतो, यीस्टनं साखर खाल्ली की खाली जातो. मुलगा सुट्टीच्या दिवशी माडीवर बिअर करू लागला. सून गडहिंग्लजकडची, तोंडाची स्पष्ट. ती म्हणाली की घरात दारू करायला परवाना लागतो. तो म्हणाला, मी गाळत नाही, आंबवतोय. ती म्हणाली, हा फरक पोलिसाला तुमीच समजावून सांगा.

पहिली बिअर तोंडात धरवत नव्हती. तिला दवाखान्याचा वास होता. आमच्या नळाच्या पाण्यात औषधाची पावडर असते, तिचा तो परिणाम. मग तो पाणी आदल्या दिवशी उकळून उघडं ठेवू लागला. दुसरीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला, कारण त्यानं ती एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून धार धरून ओतली होती आणि तिला हवा लागली. एक नळी आतून नीट धुतली गेली नाही म्हणून पुढची आंबट निघाली. मला बिअरमधलं काही कळत नाही, पण दुधाची भांडी घासण्यात माझा जन्म गेला, त्यामुळं तो वास घ्यायला मला बोलवायचा. मी नाक लावून सांगायची की टाकून दे. सून परसातल्या केळीला घालायची. केळीचंही काही भलं झालं नाही.

वास गेले तरी बिअर गढूळ राहायची. गढूळपणा खाली बसवायला मुलग्यानं कसलीशी पावडर मागवली. सुनेनं विचारलं, ही कशाची? जिलेटिन, जनावराच्या हाडाचं, असं त्यानं खरं ते सांगून टाकलं. माझ्या फ्रीजमध्ये हाडं ठेवायची नाहीत, एवढंच ती बोलली, आणि पावडर कचऱ्यात गेली.

मालक बाजेवर पडून हे ऐकत होते. ते उठून बसले.

"गाळ बशिवायचा हाय न्हवं? मग हाडं कशाला लागत्यात?"

ते बांधावर गेले आणि भेंडीची झाडं उपटून आणली. खोडं ठेचली, पाण्यात भिजवली, चोळली आणि बिअर आंबवायच्या आधी जव शिजवून जो रस काढतात, त्या उकळत्या रसात ते बुळबुळीत पाणी सोडलं. करड्या रंगाची मळी वर आली. ती त्यांनी झाऱ्यानं काढली. मुलगा बाजूला उभा राहून बघत होता. पहिल्या खेपेला पाणी जास्त झालं आणि बिअरला हिरवट, कच्च्या भेंडीची चव आली. मालक म्हणाले की उसाचा रस घट्ट असतो, हा पातळ आहे, याला कमी लागेल. पुढच्या खेपेला कमी घातलं. बिअर निवळली.

तेव्हापासून ते सकाळीच माडीवर जाऊ लागले. भाकरी मागून घ्यायला लागले. शेजारी येऊन चेष्टा करायचा की गुळव्याचा आता बिअरव्या झाला. ते त्याला म्हणायचे, तुला घोटभर बी देनार न्हाय, वास घिऊन जा. मला त्या बिअरशी काही देणंघेणं नव्हतं. पण माणूस जेवत होता, म्हणून मी काही बोलले नाही.

थंडीत केलेली बिअर लवकरच निवळली. तशी स्वच्छ आधी कधीच झाली नव्हती. बुडबुडेही थांबले होते. मालक म्हणाले, बाटल्या भरा. मुलग्यानं काटा सोडला. काटा पाहिजे तेवढा खाली गेला नाही.

"आबा, अजून साखर हाय हिच्यात. थंडीनं यीस्ट झोपलंय. थांबू या."

"रस निवळला की झालं काम. बुडाला गाळ बसलाय, वर आरसा झालाय. आनि किती व्हायचं?"

"काटा तसं म्हनत न्हाई."

"काट्यानं किती आधनं उतरलीत?"

गुऱ्हाळात मालकांचं बोलणं बरोबर होतं. रस निवळला म्हणजे पुढचं सगळं नीट होतं. बिअरचं तसं नसतं. थंडीनं आणि भेंडीनं मिळून यीस्ट खाली बसवलं होतं, पण त्याचं खाणं वर तसंच शिल्लक होतं. मुलग्याला ते कळत होतं. बाप किती दिवसांनी असा बोलतोय हेही त्याला दिसत होतं. त्यानं काटा पुसून ठेवला. भंगारवाल्याकडच्या बाटल्या धुऊन घेतल्या, रीतीप्रमाणं फेसासाठी प्रत्येकीत थोडा गूळ घातला, आणि बुचं ठोकली.

शिवरात्र झाली, ऊन वाढलं. माडीवर पत्रा. दुपारी तिथं पाय ठेवायची सोय नसते. बाटल्यांत यीस्ट जागं झालं, आधीची साखर खाल्ली, वर आमचा गूळ खाल्ला, आणि त्यातून सुटलेल्या हवेला बाहेर जायला वाट नव्हती. त्या दुपारी मालक एक बाटली उजेडात धरून बघायला गेले. ती त्यांच्या हातातच फुटली.

गाडी राजारामपुरीतल्या दवाखान्यापाशी येईपर्यंत मालक बोलायचे थांबले होते. ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, कारण ती मला उघडता येत नव्हती. मोठी शीर तुटली आहे, रक्त फार गेलं आहे, आत्ता काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आम्ही बाहेर बसलो. सून माझ्या हातावरचं वाळलेलं रक्त पुसत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आत्ती, च्या आनू?" मी नको म्हणाले. मुलगा उभाच होता. त्याला बस म्हटलं तरी तो बसला नाही. देवाला काही बोलावं असं मला वाटलं नाही. शीर शिवायला डॉक्टर आत होते.

पोलीस आले, कारण असा जखमी आला की दवाखान्याला कळवावं लागतं. मुलग्यानं सगळं खरं सांगितलं. त्यातल्या एका पोलिसानं मला विचारलं की घरात हे चाललंय हे तुमाला माहीत होतं का. मी म्हणाले, व्हय, माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मुलग्यानं डोक्याला हेल्मेट घातलं, अंगाला ओली पोती गुंडाळली आणि राहिलेल्या बाटल्यांची बुचं एकेक करून सैल केली. फेस पत्र्यापर्यंत उडाला. मी खालून बघत होते. तळाला राहिलेली बिअर स्वच्छ होती आणि तिला वाईट वास अजिबात नव्हता. मग पोलिसांनी पातेलं आणि नळ्या नेल्या.

मालक शुद्धीवर आले तेव्हा मुलगा पायथ्याशी होता.

"आबा, काटा सांगत हुता."

"मग तू बोलायचं न्हाई व्हय?"

"बोललो की. तुमी ऐकलं न्हाई."

मालकांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "बाप हाय म्हनून गप बसायचं नसतंय. काटा माझ्या डोळ्याम्होरं धरायचा."

मुलगा तोंड फिरवून रडला. मालक रडले नाहीत. मीही नाही.

हात राहिला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नाहीत. भाकरी डाव्या हातानं मोडतात. परत कट्ट्यावर बसतात, मात्र दुपारी बाजेवर पडत नाहीत. मुलगा कामावरून आला की दोघं बांधावर जातात. कधी त्यांचं भांडण घरापर्यंत ऐकू येतं. मुलगा आता आवाज चढवून बोलतो आणि मालक त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतात.

बाटल्या फुटल्या तेव्हा माडीवर मालक होते, मी होते आणि मुलगा होता. तिघंही जगलो.