रोह्याच्या आजोबांचे कान

तुमचे रोह्याचे आजोबा आमच्या कॉम्प्युटरचं दुखणं माझ्या बोटांवरून ओळखायचे. कॉम्प्युटर सुरू होताना आतला बोर्ड बारीक शिट्टी देतो. एक छोटी शिट्टी म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि मागोमाग दोन छोट्या म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारं कार्ड हललंय. लांब शिट्ट्या थांबतच नसल्या तर मेमरीची पट्टी. ही भाषा त्यांना पाठ होती, पण त्यातली एकही शिट्टी त्यांच्या कानांपर्यंत पोचत नसे. म्हणून मी टेबलाजवळ उभी राहून ऐकायची आणि हाताने दाखवायची. लांब शिट्टीला आडवा अंगठा, छोटीला उभं बोट. ते उघड्या कॉम्प्युटरपुढे जमिनीवर मांडी घालून बसलेले असत आणि त्यांची नजर माझ्या हातावर असे. चेहऱ्याकडे ते कधी बघत नसत.

ईशान, रेवा, तुम्ही त्यांना सुट्टीत येऊन पाहिलंत, पण ते कोण होते ते तुम्हाला नीट कुणी सांगितलं नसेल. ते तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणे आणि ते मला वहिनी. त्यांनी लग्न केलं नाही. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्रेसरच्या खोलीत त्यांनी सगळी नोकरी काढली. त्या धडधडीने कान हळूहळू गेले. कापसाचे बोळे घालत होते, पण ते नावालाच. "कंपनीनं पगार दिला आन् कान ठेवून घेतले," असं ते हसून सांगत. कंपनीने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले तेव्हा त्यांनी एक घरी आणला, पुन्हा पुन्हा खोलला आणि जोडला. आमच्या पेणच्या घरातला कॉम्प्युटरही त्यांनीच सुटे भाग आणून जुळवलेला. तुमचा बाबा तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता.

फोनवर त्यांच्याशी बोलता येत नसे. कॉम्प्युटर अडला की मी मोबाइलवर निरोप लिहायची, तोही नेमका. "एक लांब, दोन छोट्या." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "उद्या." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निडी, नागोठणे, कासू करत ते पेणला उतरत आणि स्टेशनवरून चालत येत. दारात चपला काढतानाच विचारत, "आत्ता काय बोलतंय?" माझी तब्येत, तुमची खुशाली, सगळं नंतर.

माझ्यासारख्या व्यवस्थित बाईला त्यांची कामाची रीत फार आवडे. निघालेले स्क्रू स्टीलच्या ताटात, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडलेले. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात ते खोडरबराने घासत, कारण आपल्या खाडीकडच्या हवेने त्यांवर मळ चढतो. शेजारी गणपतीचा कारखाना असल्यामुळे पंख्यात पांढरी भुकटी बसलेली असे. ती काढायला ते त्याच कारखान्यातून रंगाचा मऊ ब्रश मागून आणत आणि काम झालं की धुऊन परत देत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग सुरू करून बघायचं. मी घाई केली की म्हणत, "दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुन्हेगार सापडत नाय, वहिनी."

ईशान, तू एकदा अडलेल्या कॉम्प्युटरवर थापड मारलीस आणि तो खरंच सुरू झाला. तू विजयी वीरासारखा सगळ्यांकडे बघत होतास. त्यांनी तुला शांतपणे बाजूला बसवलं आणि सांगितलं, "मारून चालू झालेलं मशीन पुन्हा मार मागतं." मग सगळं खोलून तुला सैल झालेली वायर दाखवली. आणि रेवा, तू एकदा माझ्याऐवजी शिट्ट्या मोजायचा हट्ट धरलास आणि दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवलीस. "लय म्हंजे किती?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, खूप. त्यांनी मान हलवून मला खूण केली आणि तुझी ती नोकरी तिथेच संपली. अंदाज त्यांना चालत नसे. माझी खात्री नसली तर मी मूठ मिटून धरायची आणि ते निमूटपणे पुन्हा बटण दाबायचे.

शेवटी माझं एकच बोट वर गेलं की ते म्हणत, "लावा झाकण." झाकण तेच लावत, पण म्हणत मला. मग हात धुऊन जेवायला बसत. त्याआधी चहाशिवाय काही घेत नसत. वालाचं बिरडं आणि पोह्याचे पापड त्यांना आवडत, म्हणून मी सकाळीच वाल सोलून ठेवलेले असत. जेवताना मी तुमच्या बातम्या मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ताटाशेजारी ठेवायची. ते घास घेत वाचत आणि मधेच खुदकन हसत.

तुमच्या बाबाने त्यांना चांगलं श्रवणयंत्र आणून दिलं होतं. ते त्यांनी थोडे दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं. म्हणाले, "यातून आवाज येतात, बोलणं येत नाय. सगळ्या गावाची भांडी पडल्यासारखी वाटतात."

त्यांची एक सवय मला बराच काळ कळली नव्हती. काम नसताना ते कधीही आमच्या घरी थांबत नसत. दिवाळीला, गणपतीला बोलावलं की येत, पण येऊन आधी कॉम्प्युटरकडे बघत. तो चालू असला की खुर्चीच्या कडेला बसत, फराळाची बशी संपवत आणि दुपारच्या गाडीने परत. तुमचे आजोबा गेल्यानंतर तर हे जास्तच झालं. एकदा मी कागदावर स्पष्ट विचारलं की भाऊजी, इथे परकं वाटतं का. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "माणसांत बसलो की माझ्यापायी सगळ्यांना ओरडावं लागतं. कोण हसलं की मी आपला उगा हसतो. काम असलं की बहिरेपण दिसत नाय."

तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर दर वेळी विचारायचात की आजी, तू लॅपटॉप का घेत नाहीस, पडद्यावर तू अडकतेस, आवाज तुटतो. तुमच्या बाबाला वाटे की मला नवीन शिकायचा कंटाळा आहे. तसं नव्हतं. तो जुना कॉम्प्युटर बंद पडत होता म्हणून एक माणूस रोह्याहून माझ्याकडे येत होता, आणि पोटभर जेवून जात होता. त्याला यायला दुसरं कारण नव्हतं, आणि माझ्याकडे द्यायला दुसरं कारण नव्हतं. म्हणून मी तुमच्याशी तुटक तुटक बोलत राहिले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. दिवा लागला, पंखा फिरला, पण शिट्टी नाही. मी निरोप पाठवला, "काही नाही." त्यांचं उत्तर नेहमीचं आलं नाही. आलं ते असं, "नीट ऐका." मी छताचा पंखा बंद केला, खिडकी लावली, कान लावून ऐकलं आणि तेच पुन्हा लिहिलं. ते त्याच दिवशी दुपारी आले, पिशवीत वीज पुरवणारा एक जुना डबा घेऊन.

आधी त्यांनी तो डबा बदलला. मग कार्ड काढलं, डिस्क काढली. शेवटी मेमरीची पट्टीही काढून ताटात ठेवली आणि मला म्हणाले, "आता बोर्डानं बोंब मारली पायजे. तक्रार करतंय म्हंजे जिवंत हाय." त्यांनी बटण दाबलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं. माझं एकही बोट वर नव्हतं. पुन्हा दाबलं. पुन्हा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग त्यांनी जरा अवघडून विचारलं, "वहिनी, तुमचे कान बरे हायत ना?" मी कान देऊन ऐकलं. शेजारच्या कारखान्यात मूर्तीला पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येत होता, बारीक, खरखरीत. मी भिंतीकडे बोट दाखवून हाताने घासायची खूण केली. त्यांना कळलं. माझे कान बरे निघाले म्हणून वाईट वाटलेला मी पाहिलेला तो एकटाच माणूस.

बॅटरीच्या उजेडात त्यांनी बोर्डावरचे नळकांड्यांसारखे छोटे भाग मला दाखवले. त्यांची डोकी फुगली होती, एकातून तपकिरी पाणी झिरपून वाळलं होतं. मी लिहिलं, मुंबईहून दुसरा बोर्ड आणू या. ते म्हणाले, "या जातीचा नवा मिळत नाय. जुना आणला तर तो बी कुणाच्या तरी घरी मेलेलाच असंल." मग ताटातला एकेक स्क्रू उचलून त्यांनी सगळं होतं तसं परत बसवलं. मेलेल्या यंत्राला इतक्या काळजीने कशाला जोडायचं, असं मला वाटलं. झाकणही त्यांनी लावलं, पण नेहमीचे शब्द बोलले नाहीत. जेवले नाहीत. मी बिरडं आणि भाकऱ्या डब्यात भरून हातात दिल्या.

डबा परत द्यायला तरी येतील, असं मला वाटलं होतं. डबा आला तो सकाळच्या गाडीने पेणला भाजी विकायला येणाऱ्या बाईबरोबर, घासून लख्ख केलेला. रिकामा पाठवू नये म्हणून आत वाल भरले होते.

मग तुमच्या बाबाने पाठवलेला लॅपटॉप आला. तुमचे चेहरे स्वच्छ दिसू लागले, आवाज तुटेनासा झाला. मी त्यांना निरोप पाठवत राहिले. "जेवायला या." उत्तर येई, "बघू." "बरे आहात ना?" "बरा." लॅपटॉपमध्येच काही बिघडावं, असं मला वाटायचं, पण ते बेटं कधी बिघडलंच नाही, आणि बिघडलं असतं तरी त्यात खोलण्यासारखं काही नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर रोह्याहून त्यांच्या शेजारच्या खतिजाबाईंचा फोन आला. त्यांचे यजमान आखातात असतात, आणि त्यांच्या घरचं मिक्सरपासून पंख्यापर्यंत सगळं भाऊजीच बघत. बाई रडत होत्या. म्हणाल्या, "दार वाजवलं, उघडलं नाय. पण त्यांना ऐकू कुठं येतं, आम्हाला वाटलं निजले असतील. दुसऱ्या दिवशी पण तसंच वाटलं." खिडकीतून वाकून बघितलं तेव्हा ते जमिनीवर पडलेले दिसले. श्वास चालू होता, म्हणून तसंच उचलून दवाखान्यात नेलं. हाक मारून ओ न देणं ही त्यांची रोजचीच गोष्ट होती, म्हणून कुणाला शंका आली नाही.

मी सकाळच्या गाडीने निघाले. त्यांच्या गाडीने, पण उलट्या दिशेने. नागोठण्याला गाडी बराच वेळ थांबून राहिली. इतकी वर्षं ते हाच प्रवास माझ्या एका ओळीच्या निरोपावर करत होते, आणि मी रोह्याला त्यांच्या घरी फारशी कधी गेलेच नव्हते.

दवाखान्यात त्यांच्या उशाशी एक यंत्र होतं. पडद्यावर हिरवी रेघ आणि शिट्टी. ती शिट्टी एकसारखी नव्हती. मधेच भरभर, मधेच थांबून, मग लांब. नर्स दोनदा येऊन बटणं दाबून गेली आणि डॉक्टरांना बोलवायला निघून गेली. ते जागे होते. डावी बाजू हलत नव्हती. त्यांनी मान वळवून आधी त्या यंत्राकडे पाहिलं, त्याच्या वायरी कुठून कुठे जातात ते नजरेने तपासलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. ओठ जड झाले होते, पण शब्द मला कळले.

"वहिनी, काय बोलतंय?"

मी हात वर केला आणि एक बोट उभं धरलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट, सावकाश, खोलून बघावं तसं. माझं बोट तसंच वर होतं. मी ते खाली घेतलं नाही.

त्यांनी डोळे मिटले.

"बरं," ते म्हणाले. "लावा झाकण."