एकशे एक्केचाळिसावं कार्ड

रिका फेल्डहाऊसचं कपडे दुरुस्तीचं दुकान लेथब्रिजच्या तेराव्या रस्त्यावर आहे. पँट आखूड करायच्या, कोटांच्या चेनी बदलायच्या, नवरीचे झगे सैल करायचे. दुकान नऊला उघडायचं, पण ती साडेसातलाच येऊन बसायची. टेबलावरचे कपडे बाजूला सारायची आणि पत्त्यातल्या पानाएवढा जाड पुठ्ठा समोर घ्यायची. त्यावर आधी पांढऱ्या रंगाचा एक हात, मग वाळवलेल्या चहाच्या पुडीचा कागद, अस्तराची चिंधी, जुन्या नकाशातली एखादी नदी, वरून थोडा रंग, आणि शेवटी सगळं मशीनखाली घालून चार टाके. नऊच्या आत कार्ड पूर्ण. जमलं तर जमलं. "वाईट दिवसाचं वाईट कार्ड," असं म्हणून मागे नाव आणि तारीख लिहायची आणि दाराला लावलेली पाटी उलटी करायची.

मी एमरी सोमोजी. एकतीस वर्षं या गावात टपाल वाटलं. इथला वारा माणसाला आडवा पाडतो, पण टपाल वाटणाऱ्याला आडवं पडायची सोय नसते, म्हणून मी रिकाच्या दुकानात पाच मिनिटं आडोशाला थांबायचो. तिथेच मला कार्डांचा नाद लागला. पुढे तो इतका वाढला की बायको म्हणायची, घरात जेवायला टेबल उरलेलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही कार्डं करणारे पंधरा-वीस जण वाचनालयाच्या तळघरात जमतो. बर्निस नावाची निवृत्त ग्रंथपाल तिथली हेडमास्तरीण आहे. नियम मोजकेच. कार्ड विकायचं नाही, फुकटही द्यायचं नाही. एकाला एक, हातातून हातात. आलेल्या कार्डाला कात्री लावायची नाही. आणि नियमात नसलेली पण सगळ्यांनी पाळलेली एक गोष्ट म्हणजे स्वतःची कार्डं घरात ठेवायची नाहीत. जो ठेवतो त्याला आम्ही चिकट म्हणतो. हॉकीच्या कार्डांसाठी मिळतात तसल्या, पानाला नऊ खण असलेल्या वह्यांमध्ये आमच्या घरी फक्त दुसऱ्यांचे हात असतात. आमचे स्वतःचे हात गावभर, देशभर, दुसऱ्यांच्या कपाटांत.

रिकाला याचा फार अभिमान होता. तिची मुलगी फेम्के अकरा वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर यायची. लांब हातांची, नाकावर चष्मा घसरलेली पोर. शनिवार-रविवारी एखादं कार्ड करायची आणि मागे नावाबरोबर क्रमांक टाकायची. एकदा आवडलेलं एक कार्ड तिने खिशात लपवलं, तर रिकाने सगळ्यांदेखत हात पुढे केला.

"काढ."

"आई, एकच ठेवते ना."

"हातात राहिलं ते मेलं. काढ, आणि मिस्टर एमरींना दे."

पोरीने ते मला दिलं. नाक फुगवून दिलं, पण दिलं. चार वर्षांत तिने एकशे अठ्ठेचाळीस कार्डं केली आणि एकूण एक वाटली. मग पंधराव्या वर्षी, एका जानेवारीनंतर, ती यायची एकदम थांबली. आम्ही म्हटलं, वयच तसं आहे.

तेविसाव्या वर्षी ती गेली. मेडिसिन हॅट नावाच्या शहरात वृद्धाश्रमात नोकरी करत होती, फेब्रुवारीत आईला भेटायला गाडीने निघाली. वाऱ्याने जमिनीवरचा बर्फ उडून रस्ता दिसेनासा होतो तसा झाला होता. पुढचा ट्रक तिला दिसलाच नाही.

अंत्यविधीनंतर आम्ही रिकाच्या घरी कॉफीला बसलो होतो. भिंतीवर वह्यांचं कपाट, त्यात हजारो कार्डं. रिका एकेक वही काढून पानं उलटत होती. कुणीतरी विचारलं, काय शोधतेस.

"तिचं एकही नाहीये," रिका म्हणाली. "या घरात तिचं एकही नाहीये."

पुढच्या महिन्यात ती तळघरात आली ती हातात कोरी नऊ खणांची वही घेऊन. प्रत्येक टेबलापाशी थांबून विचारलं, "फेम्केचं आहे का एखादं? बदल्यात माझं देईन." बर्निसने आपल्याकडची सतरा कार्डं तिथल्या तिथे काढून तिच्यापुढे ठेवली. त्यात शेवटचं, एकशे अठ्ठेचाळिसावंही होतं.

"घेऊन जा, रिका. बदल्यात काही नको."

"फुकट नको."

"अगं, तुझ्याच मुलीची आहेत."

"म्हणूनच. तिने ती बदल्यात दिली होती. मी काय भीक मागायला आलेय?"

त्या दिवशी तिच्याजवळ सहाच कार्डं होती. तिने सहा घेतली आणि अकरा बर्निसच्या अंगावर टाकून गेली. तेव्हापासून सकाळचं ते साडेसातचं बसणं रोजचं झालं. आधी जमेल तेव्हा बसायची, आता एकही दिवस चुकायचा नाही. नाताळला, तापात, दुकान बंद असतानाही. रोज एक कार्ड, कारण एका कार्डाला एक फेम्के परत मिळत होती. गाव सोडून गेलेल्यांना पत्रं लिहिली. कॅल्गरीला, सास्काटूनला बसने गेली. रेजायनातल्या एका बाईने दोन वर्षं टोलवलं, तर दोन वर्षं दर महिन्याला तिला पत्र गेलं. असं करत सहा वर्षांत एकशे सत्तेचाळीस कार्डं क्रमाने खणांत बसली. एकच खण रिकामा होता. एकशे एक्केचाळीस.

दर शेवटच्या शनिवारी ती माझ्या टेबलापाशी यायची. "एकशे एक्केचाळीस?" आणि मी नाही म्हणून मान हलवायचो.

ते माझ्याकडे होतं. म्हणजे माझ्याकडे आलं होतं. फेम्केनेच दिलं होतं, ती पंधराची असताना, डिसेंबरात. त्यांच्याकडे सेंट निकोलसच्या सणाला मुलांना नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट देतात. तिच्या चॉकलेटवरची निळी चमकी, म्हणजे वेष्टनाचा चमकता कागद, तिने जेवणाच्या काट्याने ओढून ओढून रेघारेघांची केली होती आणि अख्ख्या कार्डावर चिकटवली होती. कडेने गोंद बाहेर आलेला, कोपरा वर उचललेला. मी ते घेतलं आणि बुटांच्या खोक्यात टाकलं.

पुढच्याच जानेवारीत मी एका कार्डावर मासा करत होतो. मला त्या मंडळींत कात्री म्हणतात, कापाकापीत माझा हात धरणारा कुणी नाही. पाण्याला जुनी तिकिटं लावली होती, खवल्यांना काही मिळेना. खोक्यातली ती चमकी दिसली. रेघा अगदी खवल्यांसारख्या. पोरीचं कार्ड, कोण विचारणार, असं मनात आलं. मी ते कापलं. उरलेलं कचऱ्यात टाकलं, क्रमांकासकट. मासा सुंदर झाला. आणि माझं चांगलं झालेलं मी नेहमी रिकाला द्यायचो. का, ते विचारू नका, माझ्या बायकोनेही कधी विचारलं नाही. त्या महिन्याच्या शनिवारी तो मासा मी रिकाच्या हातात ठेवला.

म्हणजे फेम्केचं एकशे एक्केचाळिसावं कार्ड, जेवढं शिल्लक होतं तेवढं, पहिल्यापासून रिकाच्याच कपाटात होतं. आणि ती ते शोधत प्रेअरीच्या माळरानांतून बसने फिरत होती. मी सहा वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलो. प्रत्येक महिन्यात वाटायचं, पुढच्या महिन्यात सांगू. भ्याड माणूस कामाला वक्तशीर असू शकतो, एवढं मी माझ्यावरून सांगतो.

या जानेवारीत बर्निसचा फोन आला.

"तुला कळलं का? रिका विनिपेगला चाललीय. बसने, या हवेत. तिथल्या एकाने कळवलंय की त्याच्याकडे निळी चमकी लावलेलं काहीतरी आहे."

"जाऊ नको म्हण ना तिला."

"मी म्हणून ऐकणार आहे ती? अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले. एमरी, रस्ता मेडिसिन हॅटवरूनच जातो रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मी तिच्या दुकानात गेलो. दाराशी पिशवी भरून ठेवलेली होती. ती टेबलाशी बसली होती, पुढ्यातल्या पुठ्ठ्याला नुकताच पांढरा हात देऊन झाला होता.

"कॉफी घे," ती म्हणाली. "बोलू नको फक्त. साडेअकराला बस आहे, त्याआधी हे उरकायचंय."

"विनिपेगला जाऊ नको."

"बर्निसने पाठवलं का?"

"त्याच्याकडे नाहीये ते, रिका."

"तुला काय माहीत?"

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, कोटही न काढता. चमकी, काटा, मासा, कचऱ्याची टोपली. सांगताना आवाज माझा वाटत नव्हता. ती ऐकत होती आणि ब्रश पाण्यात घोळवत होती. माझं संपलं तरी घोळवत होती.

"मासा," ती म्हणाली. "निळा."

"हो."

ती उठून मागच्या जिन्याने वर घरात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्याजवळ दोन वह्या होत्या, एक जुनी आणि एक फेम्केची. जुनीतून तिने मासा काढला आणि खिडकीशी धरला. खवल्यांवरून बोट फिरवलं. चौदा वर्षांत त्या चमकीचा निळा जराही उतरला नव्हता.

"तू हा दिलास त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो ना," ती म्हणाली, "मी मिळालेली कार्डं टेबलावर मांडली. तिने नेमकं हेच उचललं. विचारलं, हे कुणी दिलं. मी म्हटलं, एमरीने."

मी कोटाचं वरचं बटण सोडलं.

"पुष्कळ वेळ धरून बसली होती. मला वाटलं, आवडलं असेल. मी म्हटलं, बघ, याला म्हणतात हात. बघून शीक जरा."

मशीनवरच्या दिव्याचं बटण तिने बंद केलं, पुन्हा लावलं.

"बघून शीक म्हटलं मी तिला, एमरी. ती उठली आणि झोपायला गेली. पुढच्या महिन्याच्या शनिवारी म्हणाली, मी नाही येत. मी कारणसुद्धा विचारलं नाही."

मी चौदा वर्षं समजत होतो की मी एक कार्ड कापलं. त्या सकाळी मला खरं काय कापलं ते कळलं. मला रडू आलं, आणि तिच्यासमोर रडायचा हक्क मला नाही हेही त्याच वेळी कळलं, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर वारा कुणाचातरी कचऱ्याचा डबा रस्त्याने ओढत नेत होता.

"शिवी दे," मी म्हटलं. "काहीतरी बोल."

"कुणाला देऊ? तू कापलंस, मी शाबासकी दिली."

तिने फेम्केची वही उघडली. एकशे चाळीस आणि एकशे बेचाळीसच्या मधल्या खणात मासा सरकवला. पण पाठ वर करून. निळा आत गेला आणि वर दिसलं ते माझं अक्षर. एमरी सोमोजी, जानेवारी, आणि माझी ती मिजासखोर सही. एकशे सत्तेचाळीस ठिकाणी तिच्या मुलीचं काम आणि मध्ये एका ठिकाणी माझं नाव.

"असं ठेवणार आहेस?"

"असंच आहे ना ते."

मी दाराकडे वळलो, तर म्हणाली, "थांब. एकाला एक."

"रिका, ते आधीच तुझं होतं."

"मासा माझा होता. त्याच्या बदल्यात मी तेव्हा दिलं होतं. एकशे एक्केचाळीस मला आज मिळालं."

आणि समोरचं ते कार्ड, फक्त पांढरा हात दिलेलं, अजून ओलं, तिने उलटं करून नाव आणि तारीख लिहिली आणि माझ्या हातात ठेवलं. तिच्या अंगठ्याचा ठसा त्याच्या कडेला उमटला. दाराजवळची पिशवी तिने उचलली आणि आत नेऊन ठेवली. मला एवढंच हवं होतं, की तिने त्या रस्त्याने जाऊ नये.

आता हिवाळा संपत आलाय. दुकान नऊलाच उघडतं. मी मुद्दाम पावणेआठला त्या रस्त्याने जाऊन पाहिलंय, दिवा नसतो. वही भरली, तिला आता कुणाकडून काही परत घ्यायचं उरलेलं नाही. सहा वर्षं रिकाम्या खणांनी तिला रोज सकाळी उठवून टेबलाशी बसवलं होतं, आणि खरं बोलून मी शेवटचा खण भरला. बर्निस म्हणते, कधीतरी सांगायला हवंच होतं. तिचं बरोबर असेल. बर्निसचं नेहमी बरोबरच असतं.

शेवटच्या शनिवारी रिका येते, कॉफी घेते, लोकांची कार्डं उचलून बघते आणि परत ठेवते. मी तिच्या टेबलापाशी जातो आणि विचारतो, "आणलंस काही?" ती माझ्याकडे बघते आणि नाही म्हणून मान हलवते.