पाठमोरा लाइट स्टँड

फ्लॅशचा स्टँड वाऱ्यानं दुसऱ्यांदा आडवा झाला तेव्हा सूर्य तुरीच्या शेंड्यांवर टेकायला आला होता. मी त्यावरची छत्री झेलली म्हणून फ्लॅश वाचला.

औराद तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीवर सुमित्राअक्का अध्यक्ष, म्हणजे सरपंच, झाल्या होत्या. आमच्याकडे अशा वेळी लागणाऱ्या अभिनंदनाच्या बॅनरवर नवरा हात जोडून ऐसपैस उभा असतो आणि निवडून आलेली बाई कोपऱ्यात पासपोर्ट साइजमध्ये. पहिला बॅनर तसाच लागला. त्यात पदराच्या सावलीत अक्कांचा चेहरा काळाठिक्कर आला होता. आता सत्काराचा बॅनर लागणार होता. दिवेलागणीपर्यंत नवा फोटो गेला नाही तर प्रिंटिंगवाला जुनाच छापणार होता.

"अण्णा, माजं तोंड दिसू द्या," अक्का म्हणाल्या. "ही कोण हाय म्हनून लोकं इचारायलेत."

"मग पदर जरा मागं घ्या."

"न्हाई. मामा हायत."

मामा म्हणजे त्यांचे सासरे, माणिकअप्पा. ते बांधावर बसून आमचा खटाटोप बघत होते.

पदर राहणार म्हटल्यावर मी त्यालाच कामाला लावलं. सूर्य अक्कांच्या पाठीमागे घेतला, म्हणजे पातळ पदर उजळून निघतो. पण मग चेहरा अंधारात जातो. म्हणून समोरून फ्लॅश, तोही पांढऱ्या छत्रीतून, म्हणजे उजेड मऊ पडतो आणि पदराखालीही पोचतो. सूर्य थेट लेन्समध्ये घुसला तर फोटोभर पांढुरकं धुकं पसरतं. त्याला फ्लेअर म्हणतात. चिमूटभर असला तर फोटोला सोन्याची झाक येते, जास्त झाला की सगळं धुऊन निघतं. मी खाली बसून सूर्य पदराच्या काठाआड अर्धा लपवला. सगळं जमलं होतं, फक्त वारा ऐकत नव्हता.

अप्पा उठले. "आना इकडं. मी धरतो."

त्यांनी स्टँड असा धरला की वाऱ्याची काय बिशाद. पण ते समोर आले आणि अक्कांची नजर जमिनीला लागली.

"अक्का, वर बघा."

अक्कांनी मान हलवली. सासऱ्यासमोर डोळे वर करायची त्यांना सवयच नव्हती. दोन फोटो काढले, दोन्हीत नुसत्या पापण्या. सूर्य निम्मा बुडाला होता आणि माझा धीर सुटत चालला होता.

"कामून थांबलाव?" अप्पांनी विचारलं.

आता हे म्हाताऱ्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी उगाच लेन्स पुसायला लागलो. अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग स्टँड तिथेच घट्ट धरून पाठ फिरवली. तोंड शेताकडे, हात मागे, उजेड बरोबर सुनेच्या चेहऱ्यावर.

"बग म्हना तिला आता," ते मला म्हणाले. "मी तूर बगायलोय."

अक्कांनी डोळे वर केले. मी बटण दाबलं. पदराची कड पेटल्यासारखी, खांद्यावर उन्हाची एकच तिरीप आणि मधोमध तो चेहरा, कुणालाही न भिणारा. इतक्या लग्नांत नवऱ्या मुली उभ्या केल्या मी, पण अशी नजर कॅमेऱ्यात आली नव्हती. आणि त्या पाठमोऱ्या माणसाला तर मनोमन हात जोडले.

फोटो शेतातूनच मोबाइलवरून प्रिंटिंगवाल्याला पाठवला. सत्काराच्या दिवशी बस स्टँडवर अक्का बॅनरभर होत्या. नवरा कोपऱ्यात, पासपोर्ट साइज.

तेव्हापासून मी स्टँडला वाळूची पिशवी बांधतो. स्टँड पडत नाही. पण वेळेवर पाठ फिरवणं काही त्या पिशवीला जमत नाही.