एकाच पायावरची जाळी

"पाय कापू देणार न्हाई मी. आधीच सांगून ठेवतो!"

नामदेवमामा माझ्या दवाखान्यात असे ओरडत होते की परभणी जंक्शनवरची मालगाडी सिग्नल न बघताच सुटली असेल. कापायचं नाव कुणी काढलंच नव्हतं. मी अजून पेशंटकडे नीट बघितलंही नव्हतं. पेशंट म्हणजे त्यांची बायको, सरूबाई. ताडकळसजवळच्या खेड्यातली. ती स्टुलावर बसली होती.

डाव्या पोटरीवर तपकिरी जाळी, लेस चिकटवल्यासारखी. गावानं निदान करून पाठवलं होतं: रक्त नासलंय, पाय जाणार.

अशा जाळीची कारणं बरीच. थंडीनं रक्तवाहिन्या आवळल्या की निळसर जाळी दिसते, ऊब मिळाली की जाते. कधी रक्तात गुठळ्या होतात, कधी वाहिन्यांना सूज येते, कधी एखादं औषध बाधतं. मी पायाची नाडी बघितली, ब्लड टेस्ट केल्या. सगळं नॉर्मल. मग एकाच पायावर, तेही बाहेरच्याच अंगाला का?

"मावशी, शेकत बसता का?"

"अंगणात, चुलीपाशी. सांजच्याला."

"चुलीकडं तोंड करून?"

"न्हाई. फाट्याकडं. चूल डाव्या हाताला ऱ्हाती."

"फाट्याकडं कशाला?"

"एस्टी येती तिथं."

मामांचा आवाज पहिल्यांदा माणसांत आला. "पोरगा पुण्याला हाय. फोनवर येतो म्हणतो, वार सांगत न्हाई. म्हणून ही रोज बसायलीय."

सापडलं. रोज मंद आच लागली की कातडी भाजत नाही, फोडही येत नाही, पण हळूहळू जाळी उमटते. औषध एकच, विस्तवापासून लांब राहणं. नाही ऐकलं तर काही वर्षांनी तिथं जखम होते, क्वचित कॅन्सरही. तेव्हापासून जाळी दिसली की मी आधी बसायची जागा विचारतो.

"घोंगडी घ्या आन् घरात बसा, मावशी."

"घरातून फाटा दिसत न्हाई."

"पाय गेला तर फाट्यापर्यंत जाणार कशा?"

"बघते," ती म्हणाली.

थंडी सरत आली तेव्हा दोघं पुन्हा आले. डावी जाळी बरीच फिकटली होती. अख्ख्या मराठवाड्यात माझ्यासारखा डॉक्टर नाही, हे मी कंपाउंडरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो. तेवढ्यात सरूबाईनं उजवी पोटरी खाजवली. तिथं ताजी जाळी.

"मावशी, चूल हलवली का काय?"

"चूल तिथंच हाय," मामा म्हणाले. "एस्टीचा थांबा गावाच्या दुसऱ्या अंगाला नेलाय."