नेवरीची कड

"ह्यात काय घातलंस गो?"

लाडू असो, शिरा असो, देवाचा प्रसाद असो, तिचा हा प्रश्न आधी. मग अंगठ्याच्या नखाने तो जिन्नस दाबून बघायचा, जणू आत कुणी खिळा लपवलाय. आणि शेवटी कागदात गुंडाळत, तोंडावरच्या रुमालाआडून, "मागीर खातां हां." म्हणजे नंतर खाते. ते नंतर कधी यायचं ते देवाला ठाऊक. आता तुम्हीच सांगा, अशा बाईचा संशय येणार नाही तर काय होणार?

गोव्यात पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघी एकाच खोलीत, समोरासमोर बसायचो. ती पेडण्याच्याच जुन्या दुकानदार घराण्यातली, चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची. मी सावंतवाडीकडची, लग्न होऊन इथे आलेली. नवरा डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. तरी आमचं जमलं होतं. पाच वर्षं एका डब्यात जेवलो. माझ्या सुक्या कोळंबीच्या किसमुरीसाठी ती आपली भाजी बाजूला सारायची.

मग एका श्रावणात तिने आठ दिवस रजा काढली आणि परत आली ती तोंडाला रुमाल लावूनच. जुन्या कागदांची धूळ बाधते म्हणे. पाच वर्षं नव्हती बाधली ती? डबा घेऊन ती मागच्या व्हरांड्यात जाऊ लागली, एकटी, भिंतीकडे तोंड करून. हसणं तर बंदच. माझं काही चुकलं का म्हणून विचारलं, तर नुसतं "ना गो."

चवथ झाली. आमच्या कचेरीत रीत अशी, की गणपती पोचवून कामावर आलं की प्रत्येकीने घरच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणून टेबलाटेबलावर ठेवायच्या. प्रसाद तो, त्याला नको म्हणायचं नसतं. मी पहाटे उठून तिच्यासाठी निराळ्या, जास्त खसखशीच्या केल्या होत्या. तिने नखाने दाबली. विचारलं. "मागीर खातां हां."

दोन दिवसांनी फाईल शोधायला मी तिचा खण उघडला, तर कागदात माझी नेवरी. कडेला एकच चावा, बाकी तशीच. मुंग्या लागलेल्या.

माझं डोकं फिरलं. चहाच्या वेळी चौघीजणींत मी बोलून गेले, "तिला आपल्या हातचं चालत नाही. मोठ्या घरचं सोवळं आहे ते." एक म्हणाली, "अगो बाई, म्हणून तो रुमाल!" दुसरी म्हणाली, "मला वाटलंच होतं." संध्याकाळपर्यंत सगळ्या कचेरीला वाटलंच होतं. दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी मोदक आले आणि तिचं टेबल तेवढं वगळून गेले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. मी तिला व्हरांड्यात गाठलं. "आमच्या हातचं बाटतं काय गो तुला?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग रुमाल खाली घेतला आणि तोंड उघडलं. वरच्या-खालच्या दातांवर तारा. प्रत्येक दाताला एक छोटा चकचकीत तुकडा चिकटवलेला, फक्त एका दातावरचा नाहीसा.

"हा तुझ्या नेवरीच्या कडेने गेला," ती म्हणाली. "म्हापशाच्या दातांच्या डॉक्टरने कडक, चिकट काही खायचं नाही म्हणून बजावलंय. पण तू केलेली, त्यात प्रसाद. एक चावा घेतला नि टक्कन सुटला."

"मग सांगायचं नाही?"

"ह्या वयात बाई दातांना तारा लावते म्हटल्यावर तुम्ही काय म्हटलं असतं?"

काय म्हटलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांत आधी मीच म्हटलं असतं.

"भाचीच्या लग्नातल्या एकाही फोटोत माझं तोंड उघडं नाही. मला एकदा मोकळेपणी हसायचंय गो. पण कुणाला सांगू नको. तुला गणपतीची शपथ."

शपथ घेतली आणि मी अडकले. सोवळ्याची गोष्ट खोटी, हे पटवायचं तर तारा सांगाव्या लागणार. नाही तर नुसतं "माझी चूक झाली" म्हणायचं. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

त्याऐवजी मी तिच्यासाठी गोडधोड शोधू लागले. व्हरांड्यात आमची चौकशी बसायची. खाजं? "नाव काढू नको." चिक्की? तिने कानच धरले. नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरून येणारं दोदोल? मऊ खरं, पण मेलं चिकट, तारांत जाऊन बसायचं. मणगणं, म्हणजे डाळीची खीर? "चण्याची डाळ बोटचेपी शिजवलीस तर." दिवाळीला नारळाच्या रसात भिजवलेले फोव, म्हणजे पोहे, मात्र पास झाले. तरी वाटीत चमचा फिरवून तिने तळ तपासलाच.

"माझ्यावरसुद्धा विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे गो. तुझ्या काजूंवर नाही."

त्याच दिवशी कचेरीत सगळ्यांचे डबे फिरले, आणि तिच्यापाशी येऊन वळले. ती हळूच म्हणाली, "ह्या मला अशा का टाळतात गो? मी कुणाचं काय केलं?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं. हे मी म्हटलं, माझ्याच तोंडाने.

शिगमा संपल्यावर तिची डिचोलीला बदली झाली. तिने स्वतः मागून घेतली होती. बसस्टँडवर पोचवायला मी एकटीच गेले. मणगण्याचा डबा दिला. डाळ गळून पीठ होईल इतकी शिजवली होती, काजू एक नाही. तिने डबा मांडीवर घेतला, या खेपेला काही विचारलं नाही, आणि खिडकीतून माझा हात धरला.

"सगळ्या कचेरीत तू एकटीच माझ्या बाजूची होतीस गो."

बस सुटायला अवकाश होता. ड्रायव्हर अजून चहा पीत उभा होता. बोलायला वेळ भरपूर होता.

मी म्हटलं, "डबा सरळ धर, रस सांडेल."