तळ्यातली मरळ

भाकरीचा चुरा टाकला की आमच्या शेततळ्यातलं पाणी उकळल्यासारखं दिसतं. असंख्य चिलापी एकदम तोंडं वर काढतात. बघणाऱ्याला वाटतं, काय भरभराट आहे! पण जाळं टाकलं की कळतं, एकही मासा बोटापेक्षा मोठा नाही. खाणारी तोंडं इतकी की कुणाचंच पोट भरत नाही.

पूर्वी तळ्यात मरळ होती. ती चिलापीची पिल्लं खायची, म्हणून उरलेल्या चिलापी चांगल्या पोसायच्या. पण मरळीला काटे कमी आणि चव न्यारी. त्यामुळे पाहुणे आले, काढ मरळ. जावई आले, काढ मरळ. तळं सांभाळणारी मासळीच आम्ही ताटात वाढत गेलो.

गेल्या वर्षी मी घरात न सांगता मरळीची पिल्लं आणून सोडली. काल संध्याकाळी काठावर बसलो होतो. चिलापींचा घोळका अचानक फुटला, पाणी उसळलं आणि लगेच शांत झालं. एक जीव गेला होता आणि मला बरं वाटत होतं. तळ्याला माझ्या भाकरीपेक्षा मरळीची भूक जास्त उपयोगाची, हे मान्य करायला मला जरा जडच गेलं.

बायको मागेच उभी होती. "अहो, एवढं पाणी कशानं उडालं? मरळ आहे का अजून? पुढच्या महिन्यात जावई येतायत."

"मरळ कुठली आता," मी म्हटलं, "बेडूक असेल."