वेल-सेटल्ड मुलगा

आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात लग्नं जमवताना एक इंग्रजी विशेषण फार चालायचं: वेल-सेटल्ड. दोन शब्द जोडून केलेलं, पण मराठी घरांत ते एका दमात म्हणायचे. अर्थ ठरलेला. मुलाचं स्वतःचं घर हवं, नोकरी सरकारी हवी आणि तबादल्याची, म्हणजे बदलीची, भानगड नको. मुलगा प्रेमळ आहे की खडूस, हे त्यात कुठेच बसत नसे.

माझ्या वडिलांचा हा लाडका शब्द. ते आधी संस्थानाच्या दरबारच्या नोकरीत होते, मग मध्य भारत राज्याच्या. दफ्तर तेच, पाटी तेवढी बदललेली. त्यांच्याच दफ्तरातला, पाटणकर बाजारात राहणारा एक मुलगा मला पाहून गेला. मला तो आवडला, आणि मी ते आईला सांगितलंही. सगळं ठरत आलं आणि नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. मुलाचा तबादला निघाला.

"आता कसला वेल-सेटल्ड!" म्हणून वडील नकार कळवून मोकळे झाले. मला कोणी विचारलं नाही. इतका संताप झाला होता माझा, तो सगळा कणकेवर काढला.

थोड्याच दिवसांत वडिलांचाही तबादल्याचा हुकूम आला. भोपाळला ग्वाल्हेरची माणसं बायकामुलं मागे ठेवून एकेका क्वार्टरमध्ये दोघं-दोघं राहायची. वडिलांच्या वाट्याला नेमका तोच मुलगा आला. वडिलांना चहासुद्धा करता येत नव्हता. स्वयंपाक तो करायचा, आणि नकाराचा विषय त्याने एकदाही काढला नाही.

होळीला वडील घरी आले. "तब्येत सुधारली की तुमची," आई म्हणाली.

"तो मुलगा वरण चांगलं करतो." मग म्हणाले, "पुन्हा विचारून बघू का त्यांच्याकडे?"

"पण वेल-सेटल्ड आहे का तो?" आईने विचारलं. वडील पान आणायला नई सडकेवर निघून गेले.

लग्न झालं. मी भोपाळला पोचले तेव्हा वडील वळकटी बांधून दारात उभे होते. खोली एकच, माझा संसार मांडायचा तर त्यांना निघणं भाग होतं. ते अनोळखी कारकुनांत राहायला गेले. ग्वाल्हेरला मात्र सांगत, मुलगी वेल-सेटल्ड आहे.

संध्याकाळी यायचे, पण जेवत नसत. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्याच चुलीपुढून ते उपाशी उठले की मला रडू यायचं.

थोरली झाली तेव्हा सगळे पेढे मागत होते. वडील पाटावर येऊन बसले आणि ह्यांना म्हणाले, "जावईबापू, वरण वाढा."